वापरकर्ती क्रमांक सात हिस

डोंबिवली पूर्व,
आश्विन पौर्णिमेला सहा दिवस बाकी

ती. जाईआत्यास,

सम्यकचा खाली मान घालून जय भीम.

मान खाली आहे म्हणूनच अक्षर बरं येतंय. तुझा गुडघा कसा आहे, चहा अजून बिनसाखरेचा घेतेस की अमृताची नजर चुकवून अर्धा चमचा पडतो, हे विचारायचा रिवाज आहे म्हणून विचारतो. एरवी हल्ली कोणाला काही विचारायची मला भीतीच वाटते. परवा भाजीवाल्या मावशींना ‘कशा आहात’ म्हटलं आणि लगेच ‘सांगायचं नसेल तर राहू दे’ असंही म्हणालो. त्यांनी मेथीच्या जुडीवर कोथिंबीर फुकट घातली. पोराचं काहीतरी बिनसलंय असं त्यांना वाटलं असणार, आणि ते खरंच आहे.

फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोन चौदा वेळा केला. तुझा फोन अमृता उचलते आणि माझा आवाज आला की ठेवते. स्वतःच्या फोनवर तर तिने मला ब्लॉकच केलंय. आत्तेबहीण आहे, तिचा हक्क आहे. म्हणून हे पोस्टाचं पाकीट. आता पंचाईत अशी की हे पत्र तुला वाचून दाखवणार तीच. (अमृता, कंसातलं मोठ्याने वाचायचं नाही. कंस फक्त तुझ्यासाठी. आत्यासमोर नुसता घसा खाकरायचास आणि पुढच्या वाक्यावर जायचंस.) मला काही मागायचं नाही, हे आधीच सांगतो. फक्त कबुली द्यायची आहे आणि माफी. त्या रविवारी काय झालं ते तुला माहीत आहे, तू समोरच होतीस. पण त्याआधी मी काय काय करून ठेवलेलं ते तुला माहीत नाही. ते ऐकलंस की शिव्या नेमक्या जागी घालता येतील.

तू बावीस वर्षं वर्षावासात ग्रंथ वाचतेस. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने, रोज संध्याकाळी सातला, पांढरी साडी नेसून तू विहारात बसतेस आणि ठाकुर्लीची आपली सगळी वस्ती ऐकते. ज्यांना ड्युटीमुळे यायला जमत नाही त्यांना फोनवर वाचता यावं म्हणून यंदा एक ॲप काढायचं, ही माझी कल्पना चांगली होती. (अमृता, एवढं मान्य कर. मनातल्या मनात कर.) कमिटीचे अध्यक्ष म्हणून जगनमामांची परवानगी घ्यायला गेलो, तर त्यांनी एकच चौकशी केली की त्यांचा फोटो कुठे येणार. ‘आमच्याविषयी’ नावाच्या पानावर येईल म्हटल्यावर परवानगी मिळाली. दुसऱ्या दिवशी फोन, "सम्या, फोटो गोल का केलास रे? चौकोनी ठेव ना, हार कापला जातोय!" तो चौकोनी केला.

पण ॲप करायचं म्हणजे ते एकट्याने आणि सुट्टीच्या दिवशी. सगळं मुळापासून कोण लिहीत बसणार? वागळे इस्टेटमध्ये मी जिथे कामाला आहे तिथे आम्ही झुरळं-ढेकणांची फवारणी करणाऱ्या एका कंपनीसाठी ॲप केलंय. आमच्या वैशाली मॅडमना विचारलं, त्या ‘घे’ म्हणाल्या, आणि तेच मी घरी आणलं. झुरळाचं चित्र काढून टाकलं, तिथे पिंपळपान लावलं. बाकी आतलं यंत्र तेच. आता फवारणीवाल्याला काय काय लागतं बघ. माणसाचं वय, बाई की पुरुष, राहतो कुठे, आत्ता आहे कुठे, घरी केव्हा असतो, कुठलं बटण किती वेळा दाबतो. ग्रंथ वाचणाऱ्याकडून यातलं काही म्हणजे काही लागत नाही. पण ते काढत बसलो असतो तर आणखी दोन रविवार गेले असते आणि आषाढ पौर्णिमा तोंडावर आलेली. म्हणून राहू दिलं. पुढे राहू दिलं त्याचं कारण मात्र आळस नव्हता. ऑफिसातून आलो की आज किती जणांनी ॲप उघडलं, कोणत्या पानावर किती वेळ थांबले, हे बघत बसायला मला आवडायला लागलं. लोक वाचत होते आणि मी वाचणाऱ्यांना वाचत होतो. असा मी भिंतीला कान लावणारा शेजारी झालो, आणि मला वाटत होतं की मी समाजकार्य करतोय.

अशा ॲपमध्ये तुमची माहिती आम्ही कशी जपतो ते सांगणारी अकरा पानं असतात. ती पानंही फवारणीचीच उचलली. नावं बदलली, पण सातव्या पानावर एक वाक्य राहून गेलं की आमचा माणूस आपल्या घरी येईल तेव्हा लहान मुलांना व पाळीव प्राण्यांना बाहेर ठेवावे. वस्तीतल्या एकोणचाळीस जणांनी त्याखालचं ‘मान्य’ दाबलं. एकानेही विचारलं नाही की माणूस कधी येणार. गंगुबाईकाकूंनी तेवढं विचारलं होतं की मान्य नाही केलं तर काय होतं. मी म्हणालो, ॲप उघडत नाही. त्यावर त्या म्हणाल्या, "मग इचारतो कशाला?" मी तेव्हा हसलेलो. आत्या, आता रोज दात घासताना मला काकूंचा तो प्रश्न आठवतो.

आणि तू? तू फोन हातात घेतलास, डोळ्याशी नेलास, मग हात लांब करून धरलास, आणि परत माझ्याकडे देऊन म्हणालीस, तूच केलंयस ना, मग तूच दाब. तुझं ‘मान्य’ मी दाबलंय, आत्या. नोंदीत ते तुझ्या नावावर आहे.

आवाजाचंही तेच. ॲपमध्ये ‘वाचा’ आणि ‘ऐका’ अशी दोन बटणं. ‘ऐका’मधला आवाज तुझा. तीन वर्षांपूर्वीच्या वर्षावासात मी रोज माझा फोन तुझ्या ग्रंथाच्या स्टँडखाली ठेवायचो, आठवतं? तू विचारलं होतंस कशाला रे, आणि मी म्हणालो होतो, असंच. तीन महिन्यांचं वाचन त्यात उतरलं आणि यंदा तुला न विचारता मी ते जसंच्या तसं ॲपमध्ये घातलं. आत्याच तर आहे, तिला काय विचारायचं! हे वाक्य मी त्या वेळी खरोखर मनात म्हटलेलं. (अमृता, हे वाक्य कंसात घालणार होतो. पण आत्याने ऐकायलाच हवं.)

आता रविवार. भाद्रपद पौर्णिमा, विहार भरलेला, तुझं वाचन सुरू व्हायला वीस मिनिटं. जगनमामांनी मला ‘दोन शब्द’ बोलायला सांगितले आणि मी प्रोजेक्टर घेऊन आलो. दोन शब्दांसाठी सतरा चित्रं केलेली. माझा समज असा की नावं काढून टाकली की झालं, कोणाचं काही उघड होत नाही. ऑफिसात आम्ही हेच करतो. तिथे दोन लाख माणसं असतात, नाव काढलं की माणूस गर्दीत हरवतो. आपल्या विहारात हरवायला गर्दी कुठे आहे? एकोणचाळीस डोकी, सगळी एकमेकांना जन्मापासून ओळखणारी. पण हे तेव्हा कळलं नाही.

पहिलं चित्र वापरकर्ता क्रमांक चार याचं. वय बाहत्तर, पुरुष, दोन महिन्यांतला एकूण वापर एक्केचाळीस सेकंद, त्यातले पस्तीस सेकंद ‘आमच्याविषयी’ या पानावर. सगळा विहार जगनमामांकडे बघून खदखदून हसला. मला वाटलं, वा, कार्यक्रम रंगतोय. मग क्रमांक अकरा. वय पंचेचाळीस, पुरुष, ॲप रोज संध्याकाळी सात ते आठ चालू, ठिकाण मात्र विहारापासून अर्ध्या किलोमीटरवर, जिथे कुठलंही ग्रंथवाचन होत नाही आणि शटर अर्धं ओढलेलं असतं. तिसऱ्या रांगेतली एक बाई उठली आणि पदर खोचून बाहेर गेली. (नाव लिहीत नाही, सुधारलोय. हल्ली तो संध्याकाळी घरीच असतो आणि मला रस्त्यात बघितलं की थुंकतो.) इथे तरी मी थांबायला हवं होतं. पण आत्या, मला टाळ्या हव्या होत्या. एवढे दिवस गोळा केलेलं कोणाला तरी दाखवायचं होतं.

मग मी क्रमांक सात लावला. ही आपली सर्वांत निष्ठावान वापरकर्ती, असं म्हणालो. अगदी मोठ्या आवाजात म्हणालो. स्त्री, वय अडुसष्ट, रोज पहाटे पाचला ॲप उघडते. एकही दिवस खाडा नाही. पहिल्या दिवशी अक्षर मोठं करायचं बटण तिने बावीस वेळा दाबलं. त्यावर मी एक विनोदही केला, ते बटण पाचच वेळा चालतं, आजींना वाटलं असेल अक्षर भिंतीएवढं होईल! त्या दिवसानंतर ‘वाचा’ शून्य मिनिटं. ‘ऐका’ शहाण्णव तास. पंधरा सेकंद मागे जायचं बटण तर मोजण्यापलीकडे, तेच वाक्य दहादहा वेळा.

कोणी हसलं नाही. मला वाटलं प्रोजेक्टर बिघडला. मी वळून भिंतीकडे बघितलं, मग लोकांकडे, आणि लोक बघत होते ते तुझ्याकडे. तू ग्रंथावर हात ठेवून बसली होतीस. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की पहाटे पाचला उठणारी अडुसष्ट वर्षांची बाई आपल्या वस्तीत एकच आहे. आणि मग मागचं सगळं एका झटक्यात आठवलं. आषाढात वाचताना वीज गेलेली, इन्व्हर्टरही बसलेला, आणि तू काळोखात पाच मिनिटं न अडखळता वाचत राहिलीस. लोक म्हणाले, बाईंची एकाग्रता बघा. पाच मिनिटांनी मोबाईलचा टॉर्च आणून मीच धरला होता, आत्या. पुढ्यात ग्रंथाची अनुक्रमणिका उघडी होती. मला वाटलं अंधारात पानं उलटली असतील.

तुला दिसत नाही, आणि तू कोणाला सांगितलं नव्हतंस. रोज पहाटे स्वतःचाच तीन वर्षांपूर्वीचा आवाज ऐकून पाठ करत होतीस आणि संध्याकाळी अंदाजाने पान उलटत आम्हाला वाचून दाखवत होतीस. तुझी शाळा सातवीत सुटली, आणि तेवढ्या शिक्षणावर तू बावीस वर्षं सगळ्या वस्तीला ग्रंथ वाचून दाखवलास. ती जागा जाईल म्हणून तू गप्प होतीस, आणि मी ते पांढऱ्या भिंतीवर आठ फूट मोठं करून लावलं. तू एवढंच म्हणालीस, "सम्या, पुढचं चित्र लाव." मी लावलं, म्हणजे बोट आपोआप चाललं. पुढच्या चित्रात ‘धन्यवाद’ आणि फुलांचा गुच्छ होता. अमृता तुला धरून बाहेर नेताना मला म्हणाली, "माझ्या आईचं मला भिंतीवरून कळतं?" (तू जिन्यापाशी भिंतीकडे तोंड करून रडत होतीस ते मी पाहिलं, अमृता. हे नक्की वाचू नकोस.)

दुसऱ्या दिवशी ऑफिसात वैशाली मॅडमना म्हणालो की हे सगळं मोजणंच बंद करूया, घाण आहे. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि विचारलं की मोजलं नसतं तर काय केलं असतंस. आणि खरं सांगतो आत्या, पुढच्या वेळी मी ‘ऐका’ बटण काढूनच टाकणार होतो. फार जागा खातं ते, आणि कोण ऐकत बसणार असं वाटायचं. ते बटण तू एकटीच नाही, आणखी सहा जण रोज वापरतात हे मला आकड्यांमुळेच कळलं. (कोण सहा ते सांगणार नाही. तुझ्या शेजारचे की पलीकडचे, तेही नाही.) म्हणजे मोजल्यामुळे तुझा आवाज वाचला आणि मोजल्यामुळेच तुझी अब्रू गेली. ह्या कोड्यात मी तीन दिवस जेवलो नाही. म्हणजे एक वेळ जेवलो नाही.

मग मला तुझा दवाखाना आठवला. तू तीस वर्षं पालिकेच्या दवाखान्यात आया होतीस. निम्म्या वस्तीच्या बायका तुझ्यासमोर रडून गेल्या असतील. डॉक्टरीणबाईंना तू संध्याकाळी सांगायचीस आज तेरा आल्या, उद्या गोळ्या जास्त मागवा. लहानपणी मी तुला विचारायचो, कोण गं आलेल्या? तू माझ्या तोंडात शेंगदाण्याचा लाडू कोंबायचीस. किती आल्या ते सांगायचीस, कोण आली ते कधीच नाही. हे तुझ्याकडून शिकायला मला कुठे लांब जायचं नव्हतं, लाडू खाऊन मोकळा झालो.

तर आता ॲपमध्ये वय नाही, ठिकाण नाही, बाई-पुरुष नाही. ‘ऐका’ एकूण किती वेळा दाबलं एवढाच एक आकडा, तोही ज्याने ‘हो’ म्हटलं त्याचाच. ‘नाही’ म्हटलं तरी ॲप उघडतं. गंगुबाईकाकूंना मुद्दाम दाखवलं, त्यांनी ‘नाही’ दाबलं, उघडलं, परत बंद केलं, परत ‘नाही’ दाबलं, असं सात वेळा करून खात्री केली. अकरा पानांच्या जागी चार ओळी आहेत आणि त्या आधी मोठ्याने वाचल्या जातात. जुन्या सगळ्या नोंदी मी पुसल्या. तुझा आवाजही काढून टाकणार आहे, तू सांगितलंस तर. तो तुझा आहे. विचारायला तीन वर्षं उशीर झाला.

मला लाज वाटते, आत्या. विहाराच्या रस्त्याने जात नाही, मागच्या गल्लीने जातो, आणि तिथेही जगनमामा भेटतात. एकच समाधान की तू शिवी दिली नाहीस, आणि तेच सर्वांत जास्त लागलंय. एकदा दे. अमृताकरवी दिलीस तरी चालेल, ती मनापासून देईल.

तुझ्या लाडवांनी तोंड बंद झालेला, आणि नंतर नको तिथे उघडलेला,
सम्यक

ता. क. – अमृता कंसातलंही मोठ्याने वाचणार हे मला पहिल्या कंसापासून माहीत होतं. म्हणून तुला कळलेलं चालेल तेवढंच कंसात लिहिलं. एक कंस सोडून. तो कोणता ते तिला माहीत आहे, आणि तिने आत्ता घसा खाकरला असेल.

ता. क. दुसरा – वर लिहिलंय की मला काही मागायचं नाही. मागायचंय. पौर्णिमेला समारोप आहे, शेवटचं प्रकरण. तू गेल्यापासून जगनमामा वाचतात. दोन ओळींनंतर चष्मा पुसतात आणि परत पहिल्या ओळीपासून सुरू करतात, त्यामुळे आपण ग्रंथात पुढे जातोय की मागे हे कोणालाच सांगता येत नाही. लोक मात्र उठून जात नाहीत. तुझी जागा मामांनी हलवू दिलेली नाही, ते स्वतः बाजूला सतरंजीवर बसून वाचतात. तू ये. ग्रंथ पुढ्यात उघडायचा की मिटून ठेवायचा हे तू ठरव. कोणी काही विचारणार नाही, सगळ्यांना माहीतच आहे. (तेवढं एक मी सोपं करून ठेवलंय.)

ता. क. तिसरा – जुन्या नोंदी पुसल्या असं लिहिलंय. पुसल्या, पण गेल्या मंगळवारी. आणि पुसण्याआधी एकदा बघितल्या. फक्त क्रमांक सातच्या. त्या रविवारनंतर दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला ॲप उघडलेलं होतं. ‘ऐका’, शेवटचं प्रकरण. तिसऱ्या दिवशीही, आणि मी बघितलं तोपर्यंत रोज. हे जाणून घ्यायचा मला काडीचा हक्क नव्हता, आणि आता लिहून तुझं गुपित मी अमृतासमोर परत एकदा फोडलं हेही लिहून झाल्यावर लक्षात आलं. खोडणार होतो, पण मग अमृता उजेडात धरून वाचेल. तेव्हा असू दे. पौर्णिमेला तू आलीस, तर मला यातलं काहीच माहीत नव्हतं असा चेहरा करीन. नाही आलीस, तरी तोच चेहरा करीन. रोज पहाटे पाचला उठून आरशासमोर सराव करतोय.